काढलेलं अ‍ॅडवेअर परत का येतं? (अनुभव धागा)

न विचारता मशीनमध्ये शिरलेलं, जाहिराती दाखवणारं अ‍ॅडवेअर अनइन्स्टॉल करणं दोन मिनिटांचं काम. पण दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडावा, तर तेच सर्चचं पान आणि त्याच जाहिराती. म्हणून हा धागा फक्त एका प्रश्नासाठी आहे: ते मागे नेमकं काय ठेवून जातं आणि कोणत्या क्रमाने काढलं की परत येत नाही? 'फॉरमॅट मारा' एवढाच सल्ला नको, बहुतेक वेळा ती वेळ येत नाही. मेनूंची नावं विंडोज ११ ची द्या.

प्रतिसाद १

आधी ते अ‍ॅडवेअर आहे का हे तपासा. उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले' अशी चौकट सरकत वर येते. तिच्यावर क्लिक न करता बारीक अक्षरं वाचा. तिथे क्रोम किंवा एजचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता असेल, तर ते निव्वळ नोटिफिकेशन आहे. 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाव दाबा' अशा पानावर ती परवानगी दिली गेलेली असते. मशीनवर फाइल अशी काही आलेलीच नसते, त्यामुळे अँटिव्हायरसला काही सापडत नाही आणि माणूस आणखी घाबरतो.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीतल्या अनोळखी साइट 'ब्लॉक' करा. नुसतं 'रिमूव्ह' केलं तर ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारू शकते.

प्रतिसाद २

खरंच प्रोग्रॅम शिरला असेल तर क्रम महत्त्वाचा. पहिलं काम ब्राउझरचं सिंक (खात्यातून सगळ्या मशीनवर सेटिंग्ज सारखी ठेवणं) बंद करणं. बहुतेक जण हेच विसरतात. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) इथून काढलं तरी खात्यात नोंद असते, आणि सिंक चालू असलेल्या घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून ते परत उतरतं. सगळी मशीन स्वच्छ होईपर्यंत सिंक बंदच ठेवा.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी तारखेप्रमाणे लावा. ही मंडळी सहसा एकटी येत नाहीत, एका इन्स्टॉलरबरोबर तीन-चार येतात, म्हणून त्याच दिवशीचं बाकी काय आहे ते बघा. काढताना बटणं नीट वाचा: ठळक रंगाचं मोठं बटण बरेचदा 'ठेवा'चं असतं आणि 'काढा' खाली पुसट अक्षरांत. त्यानंतर एक्स्टेन्शन्स.

आता मुख्य जागा: टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय. लायब्ररीतल्या प्रत्येक टास्कचे ट्रिगर्स आणि अ‍ॅक्शन्स हे दोन टॅब बघा. लॉग ऑन झालं की किंवा दर काही मिनिटांनी चालणारं, आणि अ‍ॅपडेटा फोल्डरमधली भलत्याच नावाची फाइल उघडणारं टास्क संशयास्पद. अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन) आणि त्यापुढे निरर्थक अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर शंकेला फारशी जागा नाही. २०२२ मध्ये पसरलेलं क्रोमलोडर हे अ‍ॅडवेअर असंच टिकायचं: एक्स्टेन्शन काढलं की टास्क ते पुन्हा चढवायचं. मात्र अ‍ॅपडेटामधून चालणारे काही प्रोग्रॅम प्रामाणिकही असतात. म्हणून आधी 'डिसेबल', दोन दिवस निरीक्षण, मग 'डिलीट'. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरला हात लावू नका.

शेवटी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर हे मालवेअरबाइट्स कंपनीचं, अ‍ॅडवेअर शोधून काढणारं टूल फिरवा. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, पण ते मालवेअरबाइट्सच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको. जुन्या लेखांत क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल वापरायला सांगितलेलं असतं, ते मार्च २०२३ मध्येच काढून टाकलं गेलं.

प्रतिसाद ३

वरच्या यादीत शॉर्टकट राहिला. ब्राउझर रीसेट करूनही पहिलं पान तेच उघडत असेल, तर आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'च्या चौकटीत जाऊन एंड की दाबा. चौकट लहान असल्यामुळे शेपूट एरवी दिसत नाही. क्रोम डॉट ईएक्सई, मग बंद होणारं अवतरणचिन्ह. साधारणपणे मजकूर इथे संपायला हवा. त्यापुढे एक जागा सोडून वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढाच पुसा आणि अप्लाय करा. डेस्कटॉप, टास्कबार आणि स्टार्ट मेनू, तिन्ही शॉर्टकट वेगळे असतात. एक राहिला तरी आजार गेला नाही असंच वाटतं.

प्रतिसाद ४

घरच्या मशीनवर क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतंय आणि एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटणच गायब आहे? कुणीतरी पॉलिसी (ब्राउझरवर वरून लादलेली सेटिंग) घातली आहे. अ‍ॅड्रेसच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी टाइप करा. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' अशी ओळ असेल तर तिच्यातली ३२ अक्षरांची ओळख तुमच्या एक्स्टेन्शनशी जुळते का ते बघा. मग रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलायचं साधन), एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. करंट युझरखालीही तोच रस्ता तपासा. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा, मग ती नोंद उडवा आणि पॉलिसीच्या पानावर 'रीलोड' दाबा. नोंद पुन्हा उगवली तर टास्क शिल्लक आहे, प्रतिसाद २ कडे परत जा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका. तिथे ती पॉलिसी ऑफिसनेच घातलेली असते.

प्रतिसाद ५

एक जागा अजून कुणी लिहिली नाही: सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याची डिजिटल खूण. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीच्या) पानांतही जाहिराती घुसत असतील तर इथे बघाच. सुपरफिश हे अ‍ॅडवेअर आठवतं का? सप्टेंबर २०१४ पासून लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ते कारखान्यातूनच भरून येत होतं, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा बोभाटा झाला. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी त्याचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेट खरी मानली जातात ते) मागे राहायचं. त्याची खासगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती फुटल्यावर त्याच वायफायवर बसलेला कुणीही बँकेचं खोटं पान खरं म्हणून दाखवू शकत होता. म्हणजे जाहिराती थांबल्या तरी खरा धोका घरातच.

स्टार्टमध्ये इंग्रजीत सर्टएलएम डॉट एमएससी टाइप करा, ट्रस्टेड रूटची यादी उघडा, 'इश्यूड बाय'वर अनोळखी नाव शोधा. काही अँटिव्हायरसही आपलं सर्टिफिकेट घालतात, म्हणून खात्री झाल्याशिवाय काही उडवू नका. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो, तीही बघा.

प्रतिसाद ६

त्याच वायफायवरच्या फोनवरही तशाच जाहिराती येतात का? फोन मोबाइल डेटावर टाकून बघा. थांबल्या तर संशय राउटरवर. त्याचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) तपासा, राउटर फॅक्टरी रीसेट करा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.

प्रतिसाद ७

आपल्याकडची शिरायची एक वाट मराठी टायपिंगची. 'फ्री मराठी कीबोर्ड' शोधलं की एकाच पानावर तीन-चार 'डाउनलोड' बटणं, त्यातली बरीचशी जाहिरातींची. युनिकोडसाठी यातलं काहीच लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड अ लँग्वेज, मराठी. तिथेच कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' घ्या. विंडोजची की आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

आणि विंडोज सिक्युरिटी, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन इथे 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा. खालच्या 'ब्लॉक अ‍ॅप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स' या दोन्ही चौकोनांत टिक हवी. दुसरी फक्त एजसाठी आहे, क्रोमवाल्यांना पहिलीचाच आधार.