सातमाशी बाळाला अपेक्षा नसते, म्हणून लटका उपचार नको?

तापीकाठ (जळगाव) :

माझ्या भाचीचे बाळ ३२व्या आठवड्यात जन्मले. वजन १४०० ग्रॅम होते आणि १९ दिवस ते काचेच्या पेटीत होते. त्या दिवसांत परगावच्या एका नातेवाइकांनी ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे डोके, पाठ आणि पोट यांवर हलक्या हाताने दाब देऊन करावयाच्या उपचाराचा, फार आग्रह धरला. आम्ही शंका काढली तेव्हा ते म्हणाले, "मोठ्या माणसाला विश्वासाने बरे वाटते. एवढ्याशा जिवाला कसला विश्वास? त्याला गुण आला तर तो खराच समजायचा." हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो चुकीचा आहे असे माझे मत आहे.

या उपचाराची मोठी चाचणी इटलीत झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत ६९५ बाळे होती. उपचार मिळालेल्या गटाचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी १३.८ दिवसांचा आणि दुसऱ्या गटाचा १७.५ दिवसांचा भरला. फरक लहान नाही. परंतु दुसऱ्या गटाला लटका उपचार, म्हणजे तेवढाच वेळ, तसाच हात, पण ते विशिष्ट तंत्र वगळून केलेला स्पर्श, मिळालेला नव्हता. त्यामुळे गुण तंत्राचा की नुसत्या शांत हाताचा, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

याहून मोठी अडचण मोजणाऱ्यांची आहे. बाळाला अपेक्षा नसेल, पण त्याला घरी केव्हा सोडायचे हे बाळ ठरवत नाही. वाटी-चमच्याने दूध जाते का, पेटीबाहेर अंग गार पडते का, श्वास मध्येच थांबतो का, हे पाहून माणूसच निर्णय घेतो, आणि "या बाळाला काहीतरी जास्तीचे मिळते आहे" हे त्या माणसाला ठाऊक असेल तर निर्णय एखाद्या दिवसाने अलीकडे सरकणे सहज शक्य आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, कमी दिवसांच्या बाळांच्या मालिशीवरील २००४ सालच्या आढाव्यात दररोजची वजनवाढ सुमारे ५.१ ग्रॅमने जास्त आणि मुक्काम सुमारे ४.५ दिवसांनी कमी आढळला होता, पण मुक्कामाच्या आकड्याबद्दल आढावा घेणाऱ्यांनी नेमकी हीच शंका नोंदवली होती.

म्हणून माझे म्हणणे असे की, अशा चाचणीत तीन गट हवेत : खरा उपचार, नुसता स्थिर हात आणि केवळ नेहमीची शुश्रूषा. कोणते बाळ कोणत्या गटात हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून पेटीभोवती पडदा हवा, तिन्ही गटांत पडद्याआडचा वेळ सारखा हवा आणि घरी सोडण्याचे निकष आधी लिहून ठेवलेले हवेत. त्याशिवाय कोणी आईबापांकडून या उपचाराचे पैसे घेऊ नयेत.

परिचारिका (धुळे, निवृत्त) :

भाऊ, आपला हेतू चांगला आहे, पण आपण हा प्रश्न कागदावर सोडवत आहात आणि मी तो पेटीसमोर उभे राहून पाहिलेला आहे. हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला हात लावताच काही वेळा मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. म्हणून आम्हाला पहिला धडा मिळाला तो असा की, लंगोट बदलणे, नळीने दूध देणे, तापमान घेणे ही कामे एकाच वेळी उरकावीत आणि मग बाळाला झोपू द्यावे. ज्याचा लाभ होणार नाही हे ठरवूनच करावयाचा तो स्पर्श कोणत्या बाळाच्या वाट्याला द्यायचा? मोठा माणूस चाचणीला संमती देतो, साखरेची गोळी घेतो आणि घरी जातो. इथे झोप मोडते ती ज्याला विचारताच येत नाही त्याची.

दुसरे असे की, ज्या उपचारात खरा दम असतो त्याला लटक्या उपचाराशी तुलना लागत नाही. कांगारू मातृसेवेचेच पाहा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटामध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली. पुढे जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या कांगारू सेवेची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ३२११ बाळे होती आणि २८ दिवसांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२.० टक्के आढळले. तिथे कोणाची आई लटकी होती? मृत्यू मोजताना मोजणाऱ्याच्या अपेक्षेने आकडा हलत नाही.

तापीकाठ :

ताई, कांगारू सेवेचे उदाहरण मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मते ते माझ्याच बाजूचे आहे. मृत्यू हा निकष ठाम असतो. "चार दिवस आधी घरी गेले" हा तसा ठाम नसतो. निकष जितका माणसाच्या मतावर अवलंबून, तितकी पडद्याची गरज जास्त. झोपमोडीचा आक्षेप मात्र मला अडवतो. लटका स्पर्श दुधाच्या किंवा लंगोटाच्या वेळेलाच जोडावा आणि ऑक्सिजन ठरलेल्या पातळीखाली जाताच थांबवावा, एवढेच आज सुचते. पण त्याच न्यायाने हेही विचारावे लागेल की, ज्याचा लाभ सिद्ध झालेला नाही तो 'खरा' उपचार तरी त्या बाळाची झोप कोणत्या अधिकाराने मोडतो?

शहाद्याचा शिक्षक :

तुम्ही दोघेही एक गोष्ट धरून चालला आहात की, बाळाच्या स्वतःच्या शरीरात प्लासिबोचा, म्हणजे लटक्या उपचारानेही गुण येण्याचा, परिणाम होऊच शकत नाही. मला ते पटत नाही. प्लासिबोला नेहमी श्रद्धा लागतेच असे नाही, काही वेळा नुसती सवय पुरते. १९७५ साली एडर आणि कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजून त्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध टोचले. पुढे औषधाविना नुसत्या गोड पाण्यानेही त्यांची प्रतिकारशक्ती मंदावलेली दिसली. उंदराचा डॉक्टरवर विश्वास नव्हता.

आपल्या विषयाला याहून जवळचा प्रयोग १९८४ सालचा आहे. ब्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मून २ ते ४८ तास झालेल्या बाळांच्या कपाळावरून हलका हात फिरवला आणि लगेच जिभेवर साखरेचे पाणी दिले. काही वेळा असे झाल्यावर बाळे हात फिरताच चोखण्याची हालचाल करू लागली, आणि साखर देणे थांबवले तेव्हा बहुतेक सारी रडली. ती बाळे पूर्ण दिवसांची होती, हे खरे. तरीही कपाळावरचा हात ही खूण होऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध होते. मग पेटीतल्या बाळाला रोज ठरलेल्या वेळी तेच हात, त्यानंतर दूध, त्यानंतर ऊब असा क्रम मिळाला, तर दहाव्या दिवशी नुसत्या हातानेच त्याचे अंग सैलावणार नाही कशावरून? म्हणून लटका हात हवाच, पण तो 'काहीच नाही' या अर्थाने मोजू नये. स्थिर हात आणि नेहमीची शुश्रूषा यांच्यात फरक निघाला, तर तोच या चाचणीतला सर्वांत मोलाचा शोध ठरेल.

सातपुड्याची आशा (धडगाव) :

मी ४२ दिवसांपर्यंत घरोघरी बाळे पाहते. वजन करते, अंग गार आहे का ते बघते, छातीशी धरायला शिकवते. माझा अनुभव असा आहे की, आजी तेल लावू लागली की आईला निवांत बसता येते, ती घटकाभर डोळा लावते, आणि उठल्यावर बाळाला पाजताना तिचा जीव घाबरा होत नाही. बाळाचे वजन त्यामुळेही वाढत असेल. तुम्ही याला प्लासिबो म्हणून बाजूला काढणार का? लाभ आईच्या वाटेने आला म्हणून तो खोटा ठरतो का?

तापीकाठ :

आशाताई, खोटा ठरत नाही. पण तो आईच्या वाटेने येतो हे कळले, तर आपण आईलाच आधार देऊ, आणि त्यासाठी कवटीची हाडे मोकळी करण्याच्या ऑस्टिओपॅथीच्या गोष्टी कोणी सांगायची गरज उरणार नाही. दुसरी बाजूही पाहा. २०१४ साली अमेरिकेत लहान मुलांच्या खोकल्यावर एक चाचणी झाली : एका गटाला घायपाताच्या जातीतल्या वनस्पतीचा गोड रस, दुसऱ्याला रंग-चव दिलेले पाणी आणि तिसऱ्याला काहीच नाही. रस आणि पाणी यांत फरक निघाला नाही, पण दोन्ही गटांतील आईबापांनी मुलाला जास्त बरे वाटल्याचे सांगितले. मूल खरेच बरे झाले, की नुसता आईबापांना धीर आला, हे त्या आकड्यांतून सुटे करता येत नाही. खोकल्यात हे चालून जाईल. आपल्या पाड्यावरच्या १६०० ग्रॅमच्या बाळात मात्र 'बरे दिसते' या समाधानापायी दवाखान्यात जायला एक दिवस उशीर झाला, तर तो भरून निघत नाही.

परिचारिका (धुळे, निवृत्त) :

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, तीन गटांशी अजूनही नाही. शिक्षकांनी सांगितलेला कपाळावरच्या हाताचा प्रयोग मला माहीत नव्हता. तो वाचून माझा आक्षेप थोडा सैल झाला, कारण त्या न्यायाने स्थिर हात अगदीच वाया जाणार नाही. तरीही माझी अट अशी राहील की, तो हात परक्या माणसाचा नसावा. स्थिर हाताच्या गटात बाळाची आईच पेटीच्या खिडकीतून हात ठेवील, अशी चाचणी कोणी मांडली, तर मी संमतीपत्र घेऊन आयांशी बोलायला स्वतः येईन.

शहाद्याचा शिक्षक :

ताई, मग एका गटात परक्याचा हात आणि दुसऱ्यात आईचा, अशी तुलना होईल आणि तंत्राचा प्रश्न बाजूलाच राहील. आईचा हात हवा असेल तर चौथा गट करावा लागेल.

परिचारिका (धुळे, निवृत्त) :

मग चौथा गट करा. बाळांची संख्या वाढेल, वर्षे जास्त लागतील. चालेल.