शब्दचर्चा : वसाहत, वतन, निर्वासित (इस्रायल-अरब संघर्षाबद्दल मराठीत लिहिताना)

प्रश्न

एका मासिकासाठी इस्रायल आणि अरब शेजाऱ्यांच्या संघर्षावरचा मोठा लेख मराठीत आणते आहे. बराचसा झाला, पण एका शब्दापाशी आठवडाभर अडकले आहे. तो शब्द म्हणजे ‘वसाहत’.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने जिंकलेल्या पश्चिम तीरावर (वेस्ट बँक) ज्यू नागरिकांसाठी जी गावं वसवली, त्यांना आपली वर्तमानपत्रं सर्रास ‘ज्यू वसाहती’ म्हणतात. मी औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वाढले. पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत, शिक्षक वसाहत ही माझ्या शाळेच्या वाटेवरची नावं. ‘वसाहत’ म्हटलं की मला बैठी घरं, पाण्याची टाकी आणि दोरीवर वाळणारे कपडे दिसतात. पण ‘ब्रिटिशांची वसाहत’, ‘वसाहतवाद’ यांतही तोच शब्द आहे, आणि तिथे तो परक्या सत्तेचा आहे. वाचकाने इथे कोणता अर्थ घ्यायचा? ‘वस्ती’ लिहिलं तर फार साधं होतं, ‘उपनिवेश’ लिहिलं तर हिंदी वाटतं. ज्यांना अरबी किंवा हिब्रू येतं त्यांनी सांगावं, तिथले लोक काय म्हणतात?

प्रतिसाद

आखातात बरीच वर्षं नोकरी केली, तेव्हा अरबी वर्तमानपत्र वाचण्यापुरती भाषा शिकलो. अरबीत दोन शब्द चालतात. एक ‘मुस्तअमरा’, दुसरा ‘मुस्तवतना’.

‘मुस्तअमरा’चं मूळ ऐन-मीम-रा, म्हणजे बांधणं, आबाद करणं. आपली ‘इमारत’ याच मुळातून आली आहे. पण ‘इस्तिअमार’ म्हणजे वसाहतवाद, त्यामुळे ‘मुस्तअमरा’ म्हणणारा माणूस या गावांची गणना फ्रेंचांच्या अल्जीरियाशी करत असतो. ‘मुस्तवतना’ जरा सौम्य आहे आणि आज बातम्यांत तोच अधिक दिसतो. त्याच्या पोटात कोणता शब्द आहे पाहा : वतन. अरबीत ‘वतन’ म्हणजे मायदेश. ‘मुस्तवतना’ म्हणजे जी जागा कुणी आपलं वतन करून घेतली ती.

म्हणजे तुमचा पेच एकट्या मराठीचा नाही. फरक इतकाच की अरबीत बोलणाऱ्याला दोहोंतून एक निवडावा लागतो. मराठीत एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्याने निवड न करताच पुढे जाता येतं.

प्रतिसाद

वरचं वाचून राहवलं नाही. आमचं घर मूळचं अलिबाग तालुक्यातलं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पूर्वजांना गावात ‘शनवार तेली’ म्हणत. आजीजवळ मराठी बायबल होतं. हिब्रू प्रार्थना तिला पाठ होत्या, पण अर्थ कळायचा तो मराठीतून.

हिब्रूतही दोन शब्द आहेत. ‘हितयाश्वुत’ म्हणजे नुसतं बसणं, वस्ती करणं. १९४८ च्या, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेच्या, आधीच्या किबुत्झांनाही (सामूहिक शेतीची गावं) तोच लागतो. दुसरा ‘हितनाहलुत’. याचं मूळ ‘नाहला’, म्हणजे वारशाने वाट्याला आलेली जमीन. यहोशवाच्या पुस्तकात बारा वंशांना कनान देशाचे वाटे मिळतात, ती नाहला. पश्चिम तीरावर गेलेल्यांसाठी ‘हितनाहलुत’ हा शब्द रूढ झाला, म्हणजे ‘आम्ही नव्या जागी आलेलो नाही, वारसा घ्यायला आलो’ असा दावा त्या शब्दातच आहे. पुढे विरोधकांच्या तोंडी तो टीकेचा झाला, आणि आज त्या गावांतल्या पुष्कळांना ‘हितयाश्वुत’ म्हटलेलं आवडतं.

आता गंमत नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट. मराठी बायबलमध्ये ‘नाहला’साठी कोणता शब्द आहे? वतन! आजी वाचायची, अमक्या वंशाला अमुक वतन मिळालं. मला लहानपणी वाटायचं, तिथेही आपल्यासारखे पाटील-कुलकर्णी असतील. म्हणजे पॅलेस्टिनी माणूस ज्या शब्दाने त्या गावाला नाकारतो त्याच्या पोटात ‘वतन’, आणि ज्यू वसाहतकार ज्या शब्दाने ते मागतो त्याचं मराठीही ‘वतन’.

प्रश्नकर्ती

हे वाचून मी दिवसभर दुसरं काही लिहू शकले नाही.

आपल्याकडे वतन म्हणजे पिढीजात हक्क. ते विकताना माणसाच्या जिवावर यायचं, भाऊबंदकीत त्यासाठी खून पडायचे, आणि सरकार बदललं तरी नव्या सरकारकडून पहिलं काय मागायचं तर वतनाची सनद. महार वतन मात्र गळ्यातला फास होतं; ते मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. मराठी माणसाला ‘वतन’ या एका शब्दात जमिनीचं प्रेम, कागद, भांडण आणि अन्याय हे सगळं ऐकू येतं. तरीही लेखात ‘वतन’ वापरता येणार नाही, कारण आजच्या वाचकाला ते पेशवाईतलं वाटेल. पण एक परिच्छेद या शब्दावर लिहिणार, हे ठरलं.

प्रतिसाद

शब्दाच्या मुळाइतकाच तो कशाला लावतो हेही पाहायला हवं. मआले अदुमीम हे जवळपास चाळीस हजार लोकांचं शहर आहे. आरिएलमध्ये विद्यापीठ आहे. दुसऱ्या टोकाला एखाद्या टेकडीवर उभी केलेली चार फिरती घरं असतात. हिब्रूत त्यांना ‘मआहाझ’ म्हणतात आणि त्यातली बरीचशी खुद्द इस्रायली कायद्याच्याही परवानगीविना उभी राहतात. या दोहोंना एकाच ‘वसाहत’ शब्दात बसवू नका. मआहाझला ‘ठाणं’ म्हणा. ‘ठाणं मांडून बसणे’ यात हवी ती छटा आहे.

पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम तीरावर सुमारे ५ लाख इस्रायली राहतात, पूर्व जेरुसलेममध्ये आणखी २ लाखांहून अधिक. चौथ्या जिनिव्हा कराराच्या ४९ व्या कलमानुसार ताबा घेणाऱ्या देशाला आपली माणसं ताब्यातल्या मुलखात नेऊन वसवता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ च्या सल्लामतांत हेच म्हटलं. इस्रायलचं म्हणणं असं की १९६७ पूर्वी त्या भागावर कुणाचं मान्यताप्राप्त सार्वभौमत्वच नव्हतं, जॉर्डनने १९५० मध्ये तो जोडून घेतला ते जगाने जवळजवळ मानलं नव्हतं, म्हणून तो ‘व्याप्त’ नव्हे, ‘वादग्रस्त’. माझं मत विचाराल तर ‘व्याप्त’च लिहा. तिथल्या माणसाच्या दारावर लष्करी हुकूम चिकटवला जातो, त्याला वादग्रस्त हा शब्द पुरत नाही. इस्रायलची बाजू वाक्यात सांगा, शब्द बदलून नको.

अवांतर : ‘पश्चिम किनारा’ कृपया लिहू नका. मराठी वाचकाला किनारा म्हणजे समुद्र. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने नकाशावर पश्चिम किनारा म्हणून गाझा दाखवला होता आणि चूक तिची नव्हती. समुद्र गाझाला आहे. हा भाग नदीचा तीर आहे, जॉर्डन नदीचा, मराठी बायबलमधल्या यार्देनचा. आणि तो ‘पश्चिम’ आहे तो जॉर्डनच्या राजधानीकडून, अम्मानकडून पाहिलं तर. ज्यू वसाहतकार त्याला यहूदा आणि शोमरोन म्हणतात.

प्रतिसाद

‘व्याप्त’वरून सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२ आठवला. २२ नोव्हेंबर १९६७, पंधराही मतांनी मंजूर. मसुदा ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांचा. त्यात अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्य मागे घ्यावं, असं कलम आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेशांतून’च्या आधी निश्चिततेचं उपपद, म्हणजे ‘the’, नाही. फ्रेंच पाठात आहे. इस्रायल म्हणतो, उपपद मुद्दाम गाळलं आहे, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून नव्हे. अरब देश म्हणतात, युद्धाने जमीन मिळवणं अमान्य असल्याचं त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत आहे, मग अर्धी जमीन कशी ठेवता येईल? एवढ्याशा उपपदावर पन्नासहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

मराठीला उपपदंच नाहीत, हा खरा पेच. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असं साधं भाषांतर केलं की मराठी कानाला ते ‘सगळ्या’ असंच ऐकू येतं. ‘घेतलेले पैसे परत कर’ म्हटल्यावर कुणी अर्धे आणून देत नाही. आणि संदिग्धता आणायची म्हणून ‘काही प्रदेशांतून’ लिहिलं तर मूळ मजकुरात नसलेला शब्द आपण घालतो. म्हणजे मराठीत हा ठराव आपोआप फ्रेंच पाठाच्या बाजूला झुकतो. भारत त्या वेळी सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. आपले प्रतिनिधी गोपालस्वामी पार्थसारथी यांनी मतदानाआधी आपला अर्थ नोंदवला, ‘सर्व प्रदेशांतून’, आणि ‘सर्व’वर जोर देऊन तो पुन्हा उच्चारला.

लेखात हे कलम आलं तर भाषांतरावर थांबू नका, वाद काय आहे तो सांगा. नाहीतर वाचकाला वाटेल, एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना भांडण कशाचं?

प्रश्नकर्ती

कलम लेखात आहे, आणि मी अगदी ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असंच लिहून मोकळी झाले होते. दुरुस्त करते.

आता दुसरा अडलेला शब्द : १९४८ चे पॅलेस्टिनी ‘निर्वासित’ की ‘शरणार्थी’ की ‘विस्थापित’? सात लाखांवर माणसं घरं सोडून गेली. ती घाबरून पळाली की त्यांना हाकललं, यावरच तर दोन्ही बाजूंचा मोठा वाद आहे.

प्रतिसाद

मराठी ‘निर्वासित’ हा शब्द फोडून पाहा. ज्याला राहत्या जागेतून बाहेर काढलं तो. कुणीतरी काढलं, हे त्या शब्दातच आलं. अरबी शब्द ‘लाजिऊन’, म्हणजे आसरा शोधणारे. तो आपल्या ‘शरणार्थी’च्या जवळचा. म्हणजे स्वतः पॅलेस्टिनींच्या शब्दात जे नाही ते आपल्या शब्दात आहे. पण मराठीत ‘निर्वासित’चा मूळ अर्थ आज कुणाला ऐकू येत नाही; आपल्याला उल्हासनगरची छावणी आणि सिंधी कुटुंबं आठवतात. त्यांच्यात हाकललेले होते आणि भीतीने निघालेलेही. तोच शब्द ठेवा.

आणि हा शब्द दुसऱ्या बाजूलाही लावा. १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून लाखाहून अधिक ज्यू विमानांनी इस्रायलला आले, नागरिकत्व आणि मालमत्ता गमावून. त्यांच्यासाठी बरेचदा नुसतं ‘स्थलांतर’ लिहिलं जातं. ते अपुरं आहे.

प्रतिसाद

मी पुन्हा, शनवार तेल्यांच्या घरातला.

माझ्या मावशीचं कुटुंब इस्रायलमधल्या लोदला राहतं. लोद आणि शेजारचं रामले, दोन्ही ठिकाणी बेने इस्रायल पुष्कळ आहेत. तिथे बाजारात अजून मराठी कानावर पडते. त्या शहराचं अरबी नाव लुद्द. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लुद्द आणि रामल्याच्या अरब रहिवाशांना हुकूम देऊन बाहेर काढलं, पन्नास हजारांहून अधिक माणसं भर उन्हात पायी निघाली. त्या हुकुमाबद्दल इस्रायली इतिहासकारांनीच अभिलेखागारं उघडल्यावर लिहिलं आहे. दुसऱ्या काही शहरांत माणसं लढाई जवळ आल्याने, किंवा एप्रिलमधल्या देर यासीन या अरब गावातल्या हत्याकांडाची बातमी ऐकून निघाली. तेव्हा लुद्दबद्दल लिहिताना ‘निर्वासित’ अक्षरशः खरा आहे.

मावशी भारतातून तिथे गेली त्याला हिब्रूत ‘अलिया’ म्हणतात, वर चढणं. आमच्या घरात कुणी ‘स्थलांतर’ म्हणालं नाही. ‘मावशी वर गेली’ असं मराठीत म्हणता येत नाही, म्हणून सगळे ‘इस्रायलला गेली’ म्हणत. ती ज्या शहरात वर चढून गेली, तिथून कुणीतरी हाकललं गेलं होतं, हे मला पस्तिशीत कळलं. तेव्हापासून मी ‘निर्वासित’ हा शब्द सैलपणे वापरत नाही. मावशीवर माझं प्रेम आहे, आणि हे तिच्याशी बोललोही आहे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आम्हाला रिकामं घर दिलं. आधी कोण होतं ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.’

प्रतिसाद

त्या सालच्या युद्धाला नाव काय देणार? हिब्रूत ‘मिल्हेमेत हा-अत्झमाउत’, स्वातंत्र्ययुद्ध. अरबीत ‘नकबा’, महासंकट. बैरुतमधले कॉन्स्टंटिन झुरैक यांनी १९४८ मध्येच या शब्दाच्या अर्थावर पुस्तिका लिहिली, आणि त्यात अरब समाजाने आपल्या पराभवाची कारणं स्वतःत शोधावीत असा सूर होता. मराठीत ज्या अर्थाने ‘पानिपत झालं’ म्हणतो, त्याच्या जवळचा. पुढे हा शब्द मुख्यतः पॅलेस्टिनींच्या घरं गमावण्याला लागला. १८५७ चं बंड, उठाव की स्वातंत्र्यसमर, यावर भांडलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये. मी ‘१९४८ चं युद्ध’ लिहीन आणि दोन्ही नावं एकदा अर्थासह देईन.

आणखी एक. सीरियाकडून जिंकलेल्या गोलन टेकड्यांना इस्रायलने १९८१ मध्ये आपला कायदा लावला, त्याला ‘विलीनीकरण’ म्हणू नका. संस्थानांच्या विलीनीकरणाने हा शब्द मराठीत मंगल झाला आहे. सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ ने ती कृती निरर्थक ठरवली. ‘जोडून घेतल्या’ पुरे.

प्रश्नकर्ती

प्रुफं आज परत पाठवली. शहरांना ‘वसाहत’ ठेवलं, पण पहिल्या उल्लेखाला ‘व्याप्त प्रदेशात इस्रायलने वसवलेली’ असं जोडलं, म्हणजे पोलीस वसाहतीशी गल्लत होणार नाही. मआहाझला ‘ठाणं’. किनारा सगळीकडे तीर झाला. २४२ व्या ठरावाखाली उपपदाचा वाद चार ओळींत दिला. ‘निर्वासित’ लुद्दच्या आणि बगदादच्या, दोन्ही माणसांना लावला. वतनावरचा परिच्छेद संपादकांनी ठेवला आहे, आजीच्या बायबलसकट, नाव न देता.

नकाशा पाहताना एक चूक मलाच सापडली. पश्चिम तीराभोवतीच्या हिरव्या रेषेखाली मी ‘सीमा’ लिहिलं होतं. १९४९ च्या शस्त्रसंधी करारात त्या रेषेने पुढच्या सीमानिश्चितीला बाध येत नाही असं लिहून ठेवलेलं आहे, आणि ‘हिरवी’ हे नाव तर नकाशावरच्या पेन्सिलीच्या रंगावरून पडलं. तिथे आता ‘शस्त्रसंधी रेषा, १९४९’ आहे.