98 ची जिप्सी किंग, दीड लाख रुपये आणि स्पिती: गाडी उंच करू का?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. मामांची जिप्सी किंग माझ्याकडे आली आहे. 1998 ची, एमएच 09, कार्बोरेटरवाली, 1298 सीसी, सॉफ्ट टॉप. मामांचं गुऱ्हाळ होतं. गुळाच्या ढेपा याच गाडीतून मार्केट यार्डात जायच्या, त्यामुळे ऊन तापलं की अजूनही मागच्या पत्र्याला गुळाचा वास येतो. गुऱ्हाळ बंद झालं आणि गाडी सात वर्षं शेडमध्ये पाचटाशेजारी उभी राहिली. 2023 ला पासिंगपुरती बाहेर काढली, तेवढीच. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग मी नवीन करून घेतलंय. पासिंग 2028 पर्यंत आहे, ग्रीन टॅक्स भरलेला आहे.

सप्टेंबरात बायको आणि मी कोल्हापूरहून हिमाचलातल्या स्पितीला जायचं म्हणतोय. काझा, कुंझुम खिंड आणि मनालीमार्गे परत. बजेट दीड लाख. इथल्या एका गॅरेजवाल्याने यादी दिली: 3 इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), 31 इंची टायर, पुढे लोखंडी बुलबार, त्यावर विंच (रुतलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), वर कॅरिअर आणि एलईडी बार. एकूण 1 लाख 62 हजार. फोटो दाखवले, गाडी भारी दिसते हे खरं.

सध्याची दुखणी: 55 च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, कधी कधी इतकं की गाडी थांबवावी लागते. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. दर आठवड्याला रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी. बायकोचं म्हणणं, आधी सीटचं बघ, नाहीतर मी साताऱ्याला उतरून एसटीने परत येईन.

लिफ्ट करू का? आणि 3 इंच की 2?

कानसवाला

अरेतुरे करतो, राग मानू नकोस. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो, आता निवृत्त. माझी जिप्सी 97 ची, 2003 साली घेतलेली, अजून दारात आहे. तुझी यादी दोनदा वाचली. तू सांगितलेल्या तीन दुखण्यांपैकी एकाचंही औषध तिच्यात नाही. ताप आलेल्या माणसाला नवा सदरा शिवायला निघालाय तो.

मीही हा उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो. 2010 ला पाट्यांमध्ये, म्हणजे लीफ स्प्रिंगांत, एकेक पान वाढवलं, त्यांना चेसीशी जोडणारे शॅकल लांब टाकले, गाडी उंच झाली, गल्लीत पोरं बघायला आली. पुढच्या वर्षी मुलाला घेऊन स्पितीला गेलो. कुंझुम उतरल्यावर बातालच्या अलीकडे एका दगडावरून मागचं चाक खाली आलं आणि टण्ण आवाज झाला. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. खाली वाकून बघतो तर डाव्या पाट्याची पानं धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला आणि ॲक्सल दोन बोटं मागे सरकलेला. पाटे बदलले की शे-दोनशे किलोमीटरनंतर पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. ते ढिले राहिले की सगळा मार त्या एका बोल्टवर येतो. आयुष्यभर पोरांना "यू-बोल्ट पुन्हा आवळला का रे" म्हणून शिव्या घातल्या आणि स्वतःच्या गाडीला विसरलो.

एक मंडीचा ट्रकवाला थांबला. त्याच्या डब्यात बोल्ट होता, पण डोकं मोठं. पाट्याखालच्या बैठकीला जे भोक असतं त्यात ते बसेना. मग कानस घेऊन ते डोकं गोल घासत बसलो. इतक्या उंचीवर दहा हात मारले की धाप लागते, डोळ्यांपुढे काजवे. दीड तास लागला. मुलगा तोवर काही बोलला नाही, आणि पुढे मनालीपर्यंतही बोलला नाही. ती कानस अजून टूलबॉक्समध्ये आहे.

आता तुझं. स्टिअरिंग थरथरतं ते किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचं, बेअरिंग असण्याची शक्यता जास्त. पुढचं चाक जॅकवर घे. एक हात चाकाच्या डोक्यावर, एक तळाशी, आणि आत-बाहेर हलव. खडखड लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक आधी स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर बदलतात. डॅम्परने आजार झाकतो, जात नाही. आणि अशा गाडीला लांब शॅकल टाकून कॅस्टरचा, म्हणजे त्या खुंटीच्या कलाचा, कोन बिघडवलास तर 55 ची थरथर 45 ला सुरू होईल.

डावीकडे ओढते म्हणजे उजवं चाक धरत नाही. सात वर्षं उभी होती, कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याचा, पिस्टन गंजून जाम असणार. दोन्ही बाजू उघड, सील किट टाक. ब्रेक ऑइल सगळं काढून नवं भर, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर बघ, रबरी ब्रेक पाइप तर डोळे झाकून बदल. एकूणच, गाडीत जे जे रबर आहे ते मेलेलं आहे असं धरून चाल: रेडिएटरचे होज, पेट्रोलचा पाइप, पाट्यांचे बुश, नकलचे सील. टायमिंग बेल्टही. किलोमीटर कमी झालेत म्हणून तो तरुण राहत नाही.

पाणी कमी होतंय ते कुठे जातंय हे आधी शोध. ऑइलचं झाकण उघडून आतून बघ. दुधाच्या सायीसारखं पांढरट दिसलं तर हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलात मिसळतंय, आणि मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच. नसेल तर रेडिएटर काढून साफ करून घे आणि वॉटर पंपाखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर थेंब बघ. पेट्रोलची टाकी उतरव. सात वर्षांचा गंज तळाशी बसलेला असतो, तो सपाट रस्त्यावर गप्प असतो आणि स्पितीत गाडी हलली की कार्बोरेटरमध्ये येतो.

कार्बोरेटरचंच निघालं म्हणून. 4500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 57 टक्के उरतो. हवा निम्म्यावर येते पण जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, पेट्रोल आपल्या अंदाजानेच सोडतो. प्लग काळे, आयडलिंग पडतं, धूर काळा. तुझ्या 60 हॉर्सपॉवरचे तिथे पस्तीसच हातात राहतील, त्यातच कुंझुम चढायचा आहे. एक नंबर लहान मेन जेट बरोबर ने, तिथे कसा बदलायचा ते घरी अंगणात दोनदा करून बघ. एअर फिल्टर नवा. इंजिन अडखळलं तरी चोक ओढू नकोस, आधीच पेट्रोल जास्त झालेलं असतं. याउलट राजस्थानच्या उन्हात इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा पंप तापून आतच वाफ धरते आणि गाडी रस्त्यात बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं. बायकोची जुनी सुती ओढणी माग, टर्किशचा टॉवेल नको.

वजन. ही गाडी टनाच्या आतली आहे, हाच तिचा मोठेपणा. जिथे मोठ्या गाड्या रुततात तिथून ही निघते ती हलकी आहे म्हणून. विंच, बुलबार, कॅरिअर घालून शंभर-दीडशे किलो वाढवायचे आणि मग पिकअप नाही म्हणून रडायचं. 31 इंची टायरचा हिशोब सांगतो: तुझा मूळ 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलिमीटरचा, 31 इंची म्हणजे 787. काटा 60 दाखवेल तेव्हा तू सत्तरने जात असशील, आणि पाचवा गिअर शोभेला राहील.

सूनबाईंचं सीटबद्दलचं म्हणणं सर्वात शहाणपणाचं आहे. मी जुन्या एस्टीमच्या सीट बसवल्या आणि त्यानंतर बायको गाडीत बसायला लागली.

दिवसाला साडेतीनशे किलोमीटर, सत्तरच्या वर नाही. जाऊन-येऊन साडेपाच-सहा हजार होतील. दिल्ली टाळ, तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे नियम सारखे वर-खाली होतात, कोण वाद घालणार. उदयपूर, अजमेर, हनुमानगड, बठिंडा, चंदीगड असा जा. पुढे सिमला, कल्पा, नाको, ताबो करत काझाला चढ, म्हणजे उंची अंगात भिनते. मनालीकडून गेलास तर एका दिवसात डोकं धरून बसशील. काझाला पंप आहे, तिथे टाकी काठोकाठ.

पंचनामा_ताई

मी वाहनविम्याचे दावे तपासते, म्हणून यंत्रापेक्षा कागदाचं बोलते.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. उत्पादकाने मुळात जे दिलं त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "दर बदलामागे" हे शब्द नीट वाचा, तुमच्या यादीत सहा आहेत. बुलबारवर कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं. बुलबारमुळे एअरबॅगला अडथळा होतो, पण जिप्सीत एअरबॅगच नाही, हा युक्तिवाद नाक्यावरचा हवालदार ऐकत नाही, मी ऐकलेला बघितला नाही.

दोन वर्षांपूर्वी घाटात कलंडलेली एक उंच केलेली जीप बघायला गेले होते. माणसं वाचली. मालक पहिलं वाक्य म्हणाला, "मॅडम, टायरचे फोटो नका काढू." काढावेच लागतात.

सीट, रिले टाकून हेडलाइटचा उजेड वाढवणं, नवे बुश, यांबद्दल मला आजवर कोणाशी भांडावं लागलेलं नाही.

दाभोळखाडी

कानसवाले काका, सगळं मान्य, पण जुन्या गाडीला हातच लावायचा नाही हे फार सोवळं झालं. माझ्या 2006 च्या एमपीएफआयला (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या जिप्सीला) 235/75 चे ऑल टेरेन टायर आहेत, लिफ्ट नाही, पाटे मूळचेच. काटा साधारण 10 टक्के चुकतो, तेवढं डोक्यात धरतो. नाल्यातून जाताना पोटाखाली जी दीड बोट उंची वाढते तिचं मोल तिथे कळतं. फक्त पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर पाट्याला घासतंय का ते बघून घ्या.

आणि रंकाळावेस, टायर कुठलेही असोत, हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप आणि गेज ने. काझाच्या पुढच्या दगडगोट्यांवर 28 चं प्रेशर 20 वर आणलं की वाटतं पाटे बदलले. फुकटातलं सस्पेन्शन.

फोर बाय फोरचा लिव्हर आतापासून आठवड्यातून एकदा मातीत वापरत जा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा ओढाल तर येणार नाही. डांबरावर मात्र नको.

कानसवाला

235 ला माझा विरोध नाही. शोभेसाठी घेणाऱ्यांना विरोध आहे. दीड बोट मोजून घेणारा माणूस वेगळा.

रंकाळावेस

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

लिफ्ट रद्द. गॅरेजवाला फोन उचलत नाही, बहुतेक चिडलाय. काका, ब्रेक दाबूनही खडखड राहिली, उजवं किंगपिन. उघडलं तर बेअरिंगचे रोलर ग्रीसऐवजी लाल भुकटीत बसले होते. उजव्या कॅलिपरचा पिस्टन हातोडीने काढावा लागला. ऑइलचं झाकण स्वच्छ, पाणी वॉटर पंपातूनच जात होतं, पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढा हिरवा डाग. टाकीतून जो गाळ निघाला त्यात एक मेलेली पाल होती, ती कशी गेली देव जाणे. आतापर्यंत 64 हजार, सीट धरून. टायर मूळ मापाचेच घेतले, नवे.

रविवारी गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरून वर आलो. सत्तरला स्टिअरिंग शांत. ब्रेक सरळ लागतो. जाताना बायकोने चालवली आणि घाटात दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला जवळजवळ हात न लावता, म्हणजे पाय न लावता उतरली. साताऱ्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

एकच नवीन. क्लच सोडताना खालून "टक्" असा एक आवाज येतो. एकच. रिव्हर्सला टाकलं की पुन्हा एक. आधी बहुतेक बाकीच्या आवाजांत ऐकू येत नसावा.

कानसवाला

बरोबर, मोठे आवाज गेले की लहान बोलायला लागतात. चाकांना दगड लाव, गिअर न्यूट्रलला, खाली जा आणि प्रॉपेलर शाफ्ट हाताने पीळ. शाफ्टच्या टोकांच्या सांध्यात, जॉइंट क्रॉसमध्ये, ढिलेपणा दिसेल, मागच्या टोकाला बघ आधी. ग्रीस मारून आवाज गेला तरी क्रॉस बदल.

आणि सेंटर बोल्ट दोन घेऊन ठेव, तुझ्या मापाचे. एक तुझा. दुसरा तिकडे कोणाला तरी लागतो.