रायफलची नळी २२ इंचांवरून १८ इंचांवर आणावी का?

प्रश्न

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होणाऱ्या रायफलच्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जातो. माझी .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, मागेपुढे करून काडतूस भरायची) २२ इंची नळीची आहे. झाडावरच्या मचाणात बसल्या जागी वळताना नळीचे टोक कठड्याला लागते. गेल्या वर्षी तेवढ्या आवाजाने पन्नास पावलांवरच्या हरणाने मान वर केली आणि पुढच्या क्षणी ते झाडीत दिसेनासे झाले. आमच्याकडे जंगल दाट असल्यामुळे शंभर यार्डांपलीकडे गोळी झाडण्याची वेळ क्वचितच येते. नळी चार इंचांनी कमी करून घेतली, तर नेम बिघडेल का आणि गोळीचा जोर पुरेसा राहील का?

पहिले उत्तर

नळी आखूड केल्याने नेम बिघडतो, हा समज चुकीचा आहे. त्याच जाडीची आखूड नळी उलट अधिक ताठ राहते. कमी होतो तो वेग. .३०८ मध्ये दर इंचामागे सेकंदाला साधारण २० ते २५ फूट वेग जातो, म्हणजे चार इंचांमागे ८० ते १००. दीडशे ग्रेन (पावणेदहा ग्रॅमच्या आसपास) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फुटांनी निघत असेल, तर ती २,७०० च्या आसपास निघेल. हरीण आहे त्याहून तीसचाळीस यार्ड लांब उभे असल्यासारखाच हा फरक आहे. शंभर यार्डांच्या आत त्याची काळजी करू नये. हीच रायफल .२७० विंचेस्टरची असती, तर मी थोडा विचार करायला सांगितले असते, कारण त्या काडतुसात दारू अधिक असते आणि ती जळायला लांब नळीचा अधिक उपयोग होतो.

खरी किंमत कानांना मोजावी लागते. आवाजाचा उगम चार इंचांनी जवळ येतो आणि तो धडाकाही वाढतो, म्हणून मचाणातही कानांचे संरक्षण काढू नका. काम मात्र गनस्मिथकडूनच, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडूनच, करून घ्या. नळीच्या तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी नसेल, तर गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. काही गोळ्या झाडल्यावर तोंडाभोवती काजळीच्या पाकळ्या उमटतात. त्या सारख्या दिसल्या तर काम नीट झाले, असे मी समजतो. त्यानंतर दुर्बिणीचा नेम नव्याने लावून घ्यावाच लागेल.

दुसरे उत्तर

कायद्याची बाजू आधी पाहावी. अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार रायफलची नळी १६ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी झाली, तर ती वेगळ्या वर्गात जाते आणि असे काम करण्याआधीच सरकारी मंजुरी व नोंदणी लागते. बोल्ट बंद ठेवून त्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. टोकाला फिरवून बसवलेला, काढता येणारा भाग त्यात धरत नाहीत. तुमच्या १८ इंचांत दोन इंचांची मोकळीक राहते, ती घालवू नका.

हे वाचणाऱ्या भारतातील परवानाधारकांना आवर्जून सांगतो की तेथे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार त्यासाठीच दिलेल्या परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, आणि चितळ-सांबराच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

तिसरे उत्तर

गनस्मिथकडे जाण्यापूर्वी दस्ता मोजून पाहा. थंडीतला जाड कोट घातल्यावर लांब दस्ता खांद्यात अडकतो आणि सगळी रायफलच लांब वाटू लागते. कापलेली नळी पुन्हा वाढवता येत नाही, दस्ता मात्र बदलता येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल कोट घालून, रिकामी रायफल खांद्याला लावून पाहिली. दस्ता खरोखरच बगलेत अडकतो. पण कठड्याला लागते ती नळीच. दस्त्यामागचा जाड रबरी पट्टा बदलून पातळ बसवतो आणि नळी १८ इंचांची करायला याच आठवड्यात देतो, म्हणजे हंगामाआधी नेम लावायला पुरेसा वेळ मिळेल.