ते ८० टक्के जरा फसवे आहेत

जगाची सुमारे ८० टक्के ऊर्जा कोळसा, तेल आणि वायूतून येते, ती सोडली तर आपण थेट बैलगाडीत, असं नेहमी म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटला.

पटणारा भाग खतांचा. खतांसाठी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायला हायड्रोजन लागतो, आणि तो आजही मुख्यतः नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातून काढतात. या खतांशिवाय जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं पोट भरणार नाही, असा अंदाज आहे. ‘उद्यापासून सगळं बंद’ म्हणणाऱ्यांनी आधी जेवणाचं काय ते सांगावं.

पण तो ८० टक्क्यांचा आकडा जाळलेल्या इंधनाचा आहे, हाती लागलेल्या कामाचा नाही. पेट्रोलच्या गाडीत टाकीतल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतली पाऊण हिश्श्याहून जास्त ऊर्जा चाकांना मिळते. तेव्हा ८० च्या जागी ८० उभे करायची गरजच नाही.

आणि घाई का, तर ही इंधनं जाळून निघणारा, पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. त्यातला बराचसा शतकानुशतकं हलत नाही. (झाडं लावा, जरूर लावा, पण तेवढ्याने हा हिशेब जुळत नाही.)

पोलाद, सिमेंट, विमानं यांना वेळ लागेल, मान्य. ती सबब गाड्यांना आणि वीजनिर्मितीला मात्र चालणार नाही.