बर्फात कोंबड्या: खुराड्याचा झरोका बंद ठेवू की उघडा?

तलंग६: सहा तलंगा आणि एक कोंबडा, सगळ्यांचा हा पहिलाच हिवाळा. रात्री पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरतो. त्यांना गारठा लागू नये म्हणून मी खुराड्याची फट अन् फट पोत्यांनी बुजवली, वरचा झरोकासुद्धा. तरी सकाळी खिडकीची काच आतून बर्फाने माखलेली असते, दार उघडलं की वास नाकाला झोंबतो, आणि काल कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं पांढुरकी दिसली. रात्री झोप लागत नाही. गरम दिवा लावू का?

जुनं_खुराडं: ताई, दिवा नको. भुसा, पिसं आणि धूळ यांच्यामध्ये तापलेला दिवा टांगला की आग लागायला वेळ लागत नाही. शिवाय वीज गेली, तर उबेला सवकलेल्या पाखरांना एकदम कडाका सोसावा लागतो.

तुमचं दुखणं थंडीचं नाही, ओलीचं आहे. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंश गरम असतं, पिसं फुलवून ती ऊब धरून ठेवते. पण श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ निघते. तुम्ही तिला बाहेर जायची वाटच ठेवली नाहीत. ती वाफ तुऱ्यावर बसते आणि तिथेच हिमदंश होतो. झोंबणारा वास अमोनियाचा, तोही कोंडलेल्या हवेमुळेच.

आजच वरचा झरोका मोकळा करा. तो बसल्या कोंबडीच्या डोक्याच्या बराच वर हवा. खालच्या फटी मात्र बंदच राहू द्यात, झोत अंगावर आला की फुललेल्या पिसांतली ऊब जाते. माझ्याकडूनही पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती. एका कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडून गळाली, अजून मनाला लागतं.

बसायची दांडी गोल आहे का? चार इंच रुंद, चपटी फळी लावा, म्हणजे पाखरू पायाच्या बोटांवर पोट टेकून बसतं. खाली लाकडाच्या भुश्याचा वीतभर थर द्या, ओला भाग रोज काढा.

तुरा चोळू नका, शेकूही नका. सूज किंवा फोड आले तर पशुवैद्यांना दाखवा.

पाणक्या: पाण्याचं भांडं खुराड्यात ठेवत असाल तर रात्री बाहेर काढा, ओल तेवढीच कमी. रबरी घमेलं घ्या, उलटं करून दाबलं की बर्फाची ढेप सुटते. दिवसातून दोनतीनदा कोमट पाणी द्या. तहानलेली कोंबडी दाणाही कमी खाते, आणि थंडीत तर तिला जास्त लागतो. संध्याकाळी मूठभर मका टाका, रात्रभर पचत राहतो, अंगात ऊब राहते.

तलंग६: आणि त्या बाहेरच पडत नाहीत! बर्फ दिसला की दारातूनच माघारी.

पाणक्या: पेंढा पसरून वाट करून द्या, येतील. अंडी कमी झाली तर घाबरू नका, दिवस लहान झाला की तसंच होतं. जी मिळतील ती लवकर उचला, गोठली की तडकतात.

तलंग६: तिसरा दिवस. झरोका उघडला, फळी बदलली. आज पहाटे उणे १७ होतं, हात कापत होते दार उघडताना. काच कोरडी. वास नाही. सातही जण फळीवर एकमेकांना चिकटून बसलेले, कोंबडा मधोमध. तुऱ्याची दोन टोकं काळवंडली आहेत, सूज नाही. ती कापायची का?

जुनं_खुराडं: नाही. खालच्या जिवंत भागाला तेच झाकण आहे. आपोआप गळतील.