स्त्री गुप्तहेराला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
मी एक रहस्यकादंबरी लिहिते आहे. नायिका पैसे घेऊन लोकांची कोडी सोडवते. घरातून निघून गेलेला मुलगा, बनावट मृत्युपत्र, पहिलं लग्न लपवलेला नवरा, अशी कामं. पोलिसांशी तिचा संबंध नाही. साठ पानं झाली, पण तिच्या व्यवसायाला नाव सापडत नाही. 'गुप्तहेर खोलीत शिरली' इथपर्यंत चालतं. पुढच्याच ओळीत 'गुप्तहेराने दिवा लावला' असं लिहिलं की माझ्या डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो. 'गुप्तहेरीण' कानाला खटकतं, का ते सांगता येत नाही. काय लिहावं?

उत्तर
तुमचा कान बरोबर आहे, अडचण व्याकरणातलीच आहे. 'शिरली' या क्रियापदाने पहिलं वाक्य सावरलं. पण विभक्तीचा प्रत्यय आला की नामाचं सामान्यरूप होतं आणि तिथे लिंग झाकता येत नाही. चोर-चोराने, हेर-हेराने हे पुल्लिंगी वळण. स्त्रीलिंगी अकारान्त शब्द वीट-विटेने किंवा भिंत-भिंतीने असे चालतात. त्या चालीने 'गुप्तहेरेने' किंवा 'गुप्तहेरीने' व्हायला हवं, आणि तसं कुणीच बोलत नाही. 'डिटेक्टिव्ह' या कचाट्यातून सुटतो, कारण डॉक्टरने, मॅनेजरने तसं 'डिटेक्टिव्हने'. शब्दाचं रूप बदलतच नाही, त्यामुळे तो बाईलाही चालतो आणि पुरुषालाही.

'-ईण' का खटकतो तेही सांगतो. वाघीण म्हणजे मादी, पण पाटलीण म्हणजे पाटलांची बायको. व्यवसायाच्या नावाला हा प्रत्यय लावला की 'ती स्वतः ते काम करते' की 'ते काम करणाऱ्याची ती बायको' हा घोळ राहतोच. तुमची नायिका कुणाच्या नात्याने ओळखली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर
लिंगाचा प्रश्न बाजूला ठेवा, मुळात 'हेर' हा शब्द तिला लागू पडतो का? संस्कृतात एक सुभाषित आहे: 'गावो गन्धेन पश्यन्ति वेदैः पश्यन्ति ब्राह्मणाः। चारैः पश्यन्ति राजानश्चक्षुर्भ्यामितरे जनाः॥' गाई वासाने पाहतात, ब्राह्मण वेदांनी, राजे हेरांकरवी, आणि बाकीची माणसं आपल्या दोन डोळ्यांनी. हेर हा राजाचा डोळा. आपल्याकडचे जासूद आणि नजरबाजही राज्याच्या कामाचे, बहिर्जी नाईकही स्वराज्याचे. तुमची नायिका मात्र या 'इतरे जनाः'साठी काम करते, ज्यांच्या पदरी कुणी हेर नाही त्यांच्यासाठी. हेर बातमी काढून धन्याला देतो. ही बाई झाकलेलं उघडं करून ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती देते. 'डिटेक्टिव्ह'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही 'वरचं आच्छादन काढणं' असाच आहे. शिवाय 'गुप्तहेर' या शब्दात पुनरुक्ती आहे. उघड हेर कुठे असतो?

उत्तर
पुनरुक्ती आहे, मान्य. पण 'हेर' इतक्या सहज सोडू नका. 'हेरणे' हे क्रियापद आजही जिवंत आहे आणि त्यात लपण्यापेक्षा नेमकं टिपणं जास्त आहे. 'तिने त्याची घालमेल बरोबर हेरली.' डिटेक्टिव्हचं काम याहून नेमकेपणाने कुठला शब्द सांगेल?

आणि या कामात बाई नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, यादीत परिव्राजिका, म्हणजे फिरती संन्यासिनी, आहे. ती दरिद्री, विधवा, उपजीविका शोधणारी, अंतःपुरात मान असलेली आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी ये-जा करणारी. तिच्यासाठी आणखी एक विशेषण वापरलं आहे: 'प्रगल्भा', म्हणजे धीट. जिथे पुरुषाला दारातच अडवतात तिथे ती आत जाते. अमेरिकेत केट वॉर्न 1856 साली पिंकर्टन यांच्या खासगी तपाससंस्थेत नोकरी मागायला गेली, तेव्हा तिचा मुद्दाही हाच होता, की पुरुषांना जिथे प्रवेश नाही तिथे बाई पोचते आणि लोक तिच्यापाशी मन मोकळं करतात. तिला काम मिळालं. त्या संस्थेचं चिन्ह होतं उघडा डोळा. वरच्या सुभाषितातलं 'चक्षुर्भ्याम्' वाचल्यावर मला तेच आठवलं.

उत्तर
'अन्वेषिका' का नको? व्याकरणशुद्ध आहे, 'अन्वेषिकेने' असं सरळ चालतं.

उत्तर
चालतं, पण 'गुन्हे अन्वेषण विभाग'मुळे 'अन्वेषण' शब्दावर सरकारी शिक्का बसला आहे. 'तपासनीस'चंही तेच. त्यातला '-नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. फडणीस, चिटणीस यांच्या पंगतीतला, दप्तर सांभाळणारा. पावसात उभं राहून समोरच्या खिडकीवर पाळत ठेवणारी बाई त्यात दिसत नाही.

मला वाटतं, नामाच्या मागे लागूच नये. या कामासाठी मराठीची श्रीमंती क्रियापदांत आहे: माग काढणं, छडा लावणं, पाळत ठेवणं, सुगावा लागणं, धागेदोरे जुळवणं. आणि हे सगळे एक नाहीत. सुगावा आपल्याला लागतो, छडा आपण लावतो. माग काढताना पुढे कुणीतरी चाललेलं असतं, पाळतीत समोरचा जागच्या जागी असला तरी चालतं. कोणत्या प्रकरणात ती काय करते हे नीट निवडलंत तर व्यवसायाचं नाव दहा पानांत एकदाच लागेल.

एक जोड: मुखपृष्ठावर 'गूढकादंबरी' छापू देऊ नका. गूढकथेतलं गूढ शेवटी तसंच राहिलं तरी चालतं, रहस्यकथेत ते उलगडावंच लागतं. हेरकथा तर वेगळीच, तिथे दोन देश आले.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. काल रात्री पहिली वीस पानं पुन्हा लिहिली. निवेदनात तिला फक्त नावाने हाक मारते. तिच्या दारावर 'खासगी तपास' एवढीच पाटी आहे, तिथे व्यक्तीचं नाम लागतच नाही. अशील तिला 'डिटेक्टिव्ह मॅडम' म्हणतात. पोलीस अधिकारी 'त्या तपासवाल्या बाई' म्हणतो, आणि तिसऱ्या प्रकरणापासून नुसतं 'बाई', तेही आदराने. 'हेर' हा शब्द कादंबरीत एकदाच येईल. मृत्युपत्र बनवणारा पुतण्या तिच्यावर ओरडतो, "कुणाची हेर आहेस तू?" त्यावर ती काय म्हणते ते अजून लिहायचं आहे, पण सुभाषिताचा चौथा चरण वहीच्या कडेला उतरवून ठेवला आहे.